दुसरा गाळा घेण्याआधी

साकीनाका, अंधेरी एमआयडीसी, वसई... कुठल्याही प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून सुटे भाग काढणाऱ्या कारखान्यात, मालकाची पहिली तक्रार ठरलेली: जागा पुरत नाही. पोटमाळ्यापर्यंत क्रेट रचलेले, चालायला वाट नाही. मग भिवंडीकडे दुसरा गाळा बघणं सुरू होतं. मालक मंडळींना कळकळीने सांगतो, डिपॉझिट भरण्याआधी एकदा प्रेसवरची डाय (भागाला आकार देणारा साचा) बदलताना शेवटपर्यंत शेजारी उभे राहा.

समजा ऑर्डर ८०० नगांची आहे. डाय चढवायला दीड तास गेला, म्हणून सुपरवायझर म्हणतो, चढलीच आहे तर ५००० काढून घेऊ. उरलेले ४२०० नग मुंबईच्या भाड्याच्या जागेत बसतात, पावसाळ्यात गंज धरतात. डायची धार गेली असेल तर बर, म्हणजे कडेला उरलेली धारदार कोर, सगळ्याच नगांवर, आणि ते कळतं गिऱ्हाइकाने माल परत पाठवल्यावर.

सेटरला, म्हणजे डाय चढवणाऱ्या कारागिराला, विचारून त्या दीड तासाचा मोबाइलवर व्हिडिओ घ्या, त्याच्याचसोबत बसून मिनिटं मांडा. पाना शोधणं, रॅकमधून डाय आणणं, बोल्ट आखूड पडला म्हणून दुसरा हुडकणं, गेज कुणाकडे आहे ते विचारत फिरणं. हे सगळं आधीचा जॉब चालू असतानाच उरकता येतं. क्लॅम्पचे बोल्ट एका मापाचे करा. पट्ट्या लावून सगळ्या डायची उंची सारखी केली की शट हाइट (प्रेस पूर्ण खाली आल्यावर डायसाठी उरणारी उंची) दरवेळी नव्याने लावावी लागत नाही. जपानी उत्पादन-तज्ज्ञ शिगेओ शिंगो यांनी टोयोटात १९६९ साली १००० टनी प्रेसचा चार तासांचा बदल याच विचाराने आधी ९० मिनिटांवर, मग ३ मिनिटांवर आणला.

मेन स्विच बंद, फ्लायव्हील पूर्ण थांबलेलं, रॅमखाली (प्रेसच्या वर-खाली होणाऱ्या भागाखाली) सेफ्टी ब्लॉक. इथे मात्र एक सेकंदही वाचवायचा नाही.

हे फसतं ते बहुतेक वेळा मालकाच्या हातून. वेळ वाचला म्हणून लगेच एक हेल्पर कमी केला, की सेटर पुढची युक्ती कधीच सांगणार नाही, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. वाचलेला वेळ ऑर्डरपुरते लहान लॉट काढायला वापरा. बोल्ट, पाना, ट्रॉलीचं चाक अशा २००० रुपयांपर्यंतच्या खरेदीचा हक्क सेटरला द्या, बिल नंतर बघा.

सुरुवात एकाच प्रेसवर, सगळ्यात जास्त चढणाऱ्या डायपासून. आधीच्या जॉबचा शेवटचा चांगला नग ते नव्या जॉबचा पहिला चांगला नग, एवढी मिनिटं मोजायची आणि प्रेसशेजारच्या फळ्यावर सेटरनेच खडूने लिहायची.