धसक्याविषयी फिरणाऱ्या मजकुराला उत्तर

जळगाव-धुळ्याकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरतो आहे. अपघाताचा धसका घेणे हा मनाचा दुबळेपणा आहे, असले आजार फक्त सैनिकांना होतात, शरीराचे त्यात काही बिघडत नाही आणि विषय काढला नाही की माणूस आपोआप विसरतो, असे त्यात म्हटले आहे. हे वाचून कोणी उपचार टाळला तर त्याचे खरोखर नुकसान होईल, म्हणून हे उत्तर.

सैनिकांचा मुद्दा लगेच निकालात निघतो. 1980 साली अमेरिकी मानसोपचार संघटनेने आघातोत्तर तणाव विकाराला, म्हणजे भयंकर प्रसंगानंतर टिकून राहणाऱ्या या धसक्याला, मानसिक आजारांच्या वर्गीकरणात स्थान दिले, त्यामागे व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांचे अनुभव होते हे खरे. परंतु बलात्कार, अपघात आणि नैसर्गिक आपत्ती यांचाही विचार तेव्हापासूनच होता. 22 जानेवारी 2025 रोजी पाचोरा तालुक्यात परधाडे स्थानकाजवळ आगीच्या अफवेने पुष्पक एक्सप्रेसमधून रुळांवर उतरलेल्या प्रवाशांना कर्नाटक एक्सप्रेसने चिरडले. त्यातून वाचलेल्यांना, तसेच ते दृश्य प्रत्यक्ष पाहणाऱ्यांनाही हा विकार होऊ शकतो.

दुबळेपणाचे म्हणावे, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार आघात अनुभवलेल्यांपैकी सुमारे 5.6 टक्के लोकांना हा विकार जडतो. तो कोणाला जडेल हे आघाताचे स्वरूप, आधी सोसलेले आघात आणि नंतर मिळालेला आधार यांवर बरेच अवलंबून असते. लैंगिक अत्याचारानंतर त्याचे प्रमाण विशेष जास्त आढळते.

शरीराविषयीचे विधान मला सर्वांत घातक वाटते. धोका ओळखणारा मेंदूचा भाग सतत जागता राहिला की महामार्गावर केळीच्या ट्रकने करकचून ब्रेक लावल्याचा आवाजही जुना प्रसंग जिवंत करतो, ॲड्रेनलिन वाढते, छाती धडधडते, हातापायांना घाम सुटतो आणि रात्री झोप लागली तरी दचकून मोडते. हे महिनोन्महिने चालले तर दुखणी आणि पोटाच्या तक्रारी मागे लागतात; उच्च रक्तदाब आणि हृदयविकार यांच्याशीही या विकाराचा संबंध आढळला आहे. छातीत दुखत असेल तर ईसीजी काढलाच पाहिजे, पण तो सरळ आल्यावर "मागे काही भयंकर घडले होते का?" हा प्रश्नही विचारला गेला पाहिजे. आपल्याकडे तो क्वचितच विचारला जातो. त्याऐवजी "बाहेरचं लागलं" असे म्हणून भगताकडे नेले जाते.

विसरण्याच्या विधानात थोडे तथ्य आहे. पहिल्या काही आठवड्यांत अनेक जण आपोआप सावरतात, आणि त्या काळात कोणाला बळेच बोलते करू नये. मात्र लक्षणे महिन्यापलीकडे टिकली, माणूस तो रस्ता, ती गाडी, तो विषय टाळू लागला किंवा झोपेसाठी दारूचा आधार घेऊ लागला, तर टाळण्यानेच भीती टिकून राहते. आघातकेंद्री बोधात्मक वर्तन उपचार (आघाताभोवतीचे विचार आणि वागणे बदलायला शिकवणारा संवादातून उपचार) किंवा ईएमडीआर (प्रसंग आठवताना डोळ्यांच्या हालचाली करवून घेणारा उपचार) यांत प्रशिक्षित तज्ज्ञ त्या आठवणीला सुरक्षितपणे आणि टप्प्याटप्प्याने सामोरे जायला शिकवतात. गरजेप्रमाणे डॉक्टर सर्ट्रालीनसारखे औषधही देतात. तालुक्याला मानसोपचारतज्ज्ञ नसला, तरी टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या 14416 या मोफत क्रमांकावर मराठीतून बोलता येते.