अकरा महिन्यांचा शेजारी

पुण्या-मुंबईतल्या सोसायट्यांच्या सभांमध्ये एक विषय निघाला की टँकर आणि पार्किंगही मागे पडतात: भाडेकरू किती असावेत, कोणते असावेत आणि त्यांच्यापायी मालकाकडून जादा पैसे किती घ्यावेत. एकट्या राहणाऱ्या तरुणांना फ्लॅट देऊ नये असे ठराव होतात, आणि शेजारच्या प्लॉटवर केवळ भाड्याच्या घरांची इमारत येणार अशी कुणकुण लागली तरी ‘एरिया बिघडणार’ अशी हाकाटी सुरू होते. ज्याच्या नावावर घर त्यालाच वस्तीची आस्था, हे या साऱ्यामागचे गृहीतक आहे, आणि बर्लिनमध्ये भाड्याने राहत असताना ते मला रोज खोटे ठरताना दिसते.

आमच्या इमारतीत झाडून सारे भाडेकरू आहेत. तळमजल्यावरच्या आजीबाई कित्येक वर्षांपासून त्याच घरात राहतात. मागच्या अंगणातल्या गुलाबांची छाटणी त्या स्वतः करतात आणि कागदाच्या डब्यात कोणी प्लास्टिक टाकले तर संध्याकाळच्या आत जिन्यात खरमरीत चिठ्ठी लागते. सोसायटीच्या एखाद्या कडक सेक्रेटरीला शोभेल असा हा धाक घराची मालकी नसताना चालतो, कारण उद्या आपल्याला कोणी उठवणार नाही हे त्यांना ठाऊक आहे. इथला नेहमीचा भाडेकरार बिनमुदत असतो. स्वतःला किंवा कुटुंबीयांना राहायला घर हवे, यासारखे कायद्याला मान्य असलेले कारण दाखवल्याशिवाय मालकाला तो संपवता येत नाही, आणि भाडेकरू आठ वर्षांहून अधिक काळ राहिला असेल तर तेव्हाही ९ महिन्यांची नोटीस द्यावी लागते. पुष्कळ घरे तर ओट्या-कपाटांविना रिकामी मिळतात, स्वयंपाकघर भाडेकरूच बसवतो. त्यावर पैसे खर्च केलेला माणूस वर्षभरात बिऱ्हाड हलवत नाही.

आपल्याकडे भाडेकरूला अकरा महिन्यांचे ‘लिव्ह अँड लायसन्स’, म्हणजे ठरावीक मुदतीपुरती राहण्याची परवानगी, दिले जाते, दर नूतनीकरणाला भाडे चढते, एजंटची दलाली पुन्हा मोजावी लागते, सोसायटीच्या सभेत त्याला मत नसते, आणि मग तोच माणूस इमारतीत जीव गुंतवत नाही अशी तक्रार केली जाते.

मालकांची भीती निराधार नव्हती, हेही मान्य केले पाहिजे. १९४७च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने जुनी भाडी जवळपास गोठवली, पागडीच्या, म्हणजे सुरुवातीला एकरकमी पैसे भरून नाममात्र भाड्याने घेतलेल्या घरांच्या, इमारती दुरुस्तीविना खंगल्या आणि भाडेकरू घर बळकावतो ही धास्ती पिढ्यान् पिढ्या उतरली. परिणामी घर कुलूपबंद ठेवणे शहाणपणाचे ठरले. २०१७-१८च्या केंद्रीय आर्थिक पाहणीत एकट्या मुंबईत सुमारे ४ लाख ८० हजार घरे रिकामी असल्याची नोंद आहे. (परदेशी राहून पुण्यात फ्लॅट घेणारी आणि तो बंद ठेवणारी आम्हा अनिवासींची जमात यात मागे नाही.) २००८मध्ये मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने (एमएमआरडीए) १६० चौरस फुटांच्या भाड्याच्या घरांची योजना आणली, तीही पुढे मूळ रूपात टिकली नाही. तिच्याबद्दल मला फारशी हळहळ नाही, कारण इतक्या लहान खोल्यांची दाटी करून भाड्याच्या घरांना प्रतिष्ठा मिळणार नव्हती.

म्हणून बर्लिनचे गोडवे गावेत असेही नाही. जिथे बहुतांश लोक भाड्याने राहतात अशा या शहराने २०१४च्या सार्वमतात, बंद पडलेल्या टेंपलहोफ विमानतळाच्या कडेने सुमारे ४,७०० घरे बांधण्याची योजना जवळपास ६४ टक्के मतांनी फेटाळली. मोकळे मैदान वाचावे ही इच्छा रास्त होती आणि स्वस्त घरांच्या सरकारी आश्वासनावर लोकांचा विश्वास नव्हता. परंतु आज भाड्याचे घर पाहायला आलेल्यांची रांग जिन्यावरून रस्त्यापर्यंत पोचते, तेव्हा आत स्थिरावलेला भाडेकरूही नव्याने येणाऱ्यासाठी मालकाइतकाच कठोर होऊ शकतो हे विसरता येत नाही. नव्या इमारतीला होणाऱ्या विरोधाचा मालकीशी वाटतो तेवढा संबंध नसतो. आधी पोचलेल्यांना ती नको असते, एवढेच. तेव्हा भाडेकरूंना संरक्षण दिले की घरेही आपोआप बांधली जातील, या भ्रमात कोणी राहू नये.

मात्र महाराष्ट्रात वादाचा बराच भाग नवी वीटही न रचता मिटू शकतो. भाडेकरू ठेवल्याबद्दल सोसायटीला मालकाकडून सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून अधिक बिनभोगवटा शुल्क घेता येत नाही, हे राज्य सरकारने २००१मध्येच ठरवून दिले आहे. समित्यांनी ते पाळावे. अकरा महिन्यांची प्रथा तर आता निव्वळ सवय उरली आहे. वर्षाहून कमी मुदतीच्या कराराची नोंदणी टाळता येत होती, म्हणून ती पडली. पण १९९९च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने प्रत्येक कराराची नोंदणी सक्तीची केली, मग तो अकरा महिन्यांचा असो वा तीन वर्षांचा. मालक आणि भाडेकरू यांनी मनावर घेतले तर भाडेवाढीचा दर आधीच लिहून तीन वर्षांचा करार आजही नोंदवता येतो, आणि त्यासाठी सोसायटीत कोणताही ठराव मांडावा लागत नाही.