खंडांच्या जागा मर्केटरने हलवलेल्या नाहीत

“शाळेच्या भिंतीवरचा जगाचा नकाशा खोटा आहे. मर्केटर या नकाशाकाराने युरोप फुगवला, वर सरकवला, आफ्रिका खाली ढकलली. म्हणूनच कुठला खंड नेमका कुठे आहे हे कुणाला सांगता येत नाही. क्षेत्रफळं बरोबर दाखवणारा पीटर्सचा नकाशा लावा, गोंधळ मिटेल.” या अर्थाचा मजकूर अधूनमधून नव्याने फिरू लागतो आणि लोक तो मान डोलावत पुढे पाठवतात.

यातलं फुगवण्याचं तेवढं खरं आहे. आफ्रिका ग्रीनलँडच्या जवळपास १४ पट मोठी आहे, पण मर्केटरच्या नकाशात दोघं सारखेच वाटतात. मात्र आकार बिघडणं वेगळं आणि जागा बिघडणं वेगळं. मर्केटरने १५६९ मध्ये हा नकाशा केला तो दर्यावर्दींसाठी. होकायंत्राचा एकच कोन धरून जाणाऱ्या जहाजाची वाट कागदावर सरळ रेषेत यावी, हा त्याचा हेतू. त्यासाठी सगळी रेखावृत्तं सरळ उभी आणि अक्षवृत्तं सरळ आडवी ठेवावी लागली. म्हणजे कोण कुणाच्या पूर्वेला आणि कोण कुणाच्या उत्तरेला, हे तपासायला बदनाम झालेला हा नकाशा अगदी सोयीचा आहे. नुसती पट्टी पुरते.

ती न्यूयॉर्कवर उभी ठेवा. दक्षिण अमेरिका उत्तर अमेरिकेच्या बरोबर खाली लोंबते, अशी आपली पक्की समजूत असते. पट्टीच्या डावीकडे उरतो तो इक्वेडोर, पेरू आणि कोलंबियाचा पश्चिम भाग आणि चिलीच्या किनाऱ्याचा थोडा तुकडा. बाकी जवळजवळ अख्खा खंड उजवीकडे. पॅसिफिकच्या बाजूला असलेलं चिलीचं सँटियागोसुद्धा अटलांटिकच्या काठावरच्या न्यूयॉर्कच्या पूर्वेला आहे! पट्टी फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलवर नेली, तर दक्षिण अमेरिकेची सगळी मुख्य भूमी उजवीकडे जाते. पनामा कालव्याची गंमतही इथलीच: अटलांटिककडून शिरलेलं जहाज पॅसिफिकमध्ये बाहेर पडतं तेव्हा निघाल्या जागेपेक्षा पूर्वेला आलेलं असतं. मर्केटरने यातलं काहीच लपवलेलं नाही. आपणच बघत नाही.

का बघत नाही, याचंही उत्तर आहे. बार्बरा ट्व्हर्स्की या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांपुढे दोन नकाशे ठेवले होते. एक बरोबर आणि दुसऱ्यात दोन्ही अमेरिका एकाखाली एक नीट लावलेल्या. बहुतेकांनी चुकीचाच उचलला. युरोप आणि अमेरिका एका आडव्या ओळीत लावलेल्या नकाशाचंही तेच झालं. डोळ्यांनी पाहिलेला नकाशा स्मरणात जाताना मन तो ओळीत लावून टाकतं. कागद बदलून ही खोड जाईल कशी?

“युरोप वर सरकवला” हा आरोप तर उलटाच आहे. कागदावर युरोप विषुववृत्तापासून जास्त लांब दिसतो खरा, पण त्याच अक्षांशांवरचा कॅनडाही तितकाच लांब जातो. आपली चूक असते ती युरोपला मनातल्या मनात खाली ओढण्याची. रोम आणि शिकागो जवळपास एकाच अक्षवृत्तावर आहेत. लंडन तर कॅनडातल्या कॅल्गरीच्याही थोडं उत्तरेला. पश्चिम युरोपवर समुद्रावरून येणारे पश्चिमी वारे हिवाळा सौम्य ठेवतात आणि आपण हवामानावरून जागा ठरवतो.

आफ्रिकेचंही तसंच. खंडाची साधारण दोन तृतीयांश जमीन विषुववृत्ताच्या उत्तरेला आहे आणि अल्जीअर्स टोकियोच्याही उत्तरेला. हे मर्केटरच्या नकाशात स्वच्छ दिसतं. हां, काही छापील नकाशे अंटार्क्टिकाकडची बाजू कापतात आणि विषुववृत्त कागदाच्या मध्याखाली जातं. तो दोष छापणाऱ्याचा. पॅसिफिकमध्ये कागद कापल्याने आशिया आणि उत्तर अमेरिका दोन टोकांना जातात, तेही तसंच. प्रत्यक्षात बेरिंगच्या सामुद्रधुनीत त्यांच्यामधलं अंतर सुमारे ८५ किलोमीटर आहे.

राहिला पीटर्सचा नकाशा. त्यात क्षेत्रफळं बरोबर येतात, पण रेखावृत्तं उभी आणि अक्षवृत्तं आडवीच राहतात. त्यामुळे कोण पूर्वेला, कोण उत्तरेला, याची उत्तरं मर्केटरचीच मिळतात. शिवाय विषुववृत्ताजवळचे देश उभे ताणले जातात ते वेगळंच. क्षेत्रफळासाठीच नकाशा बदलायचा तर २०१८ मध्ये तयार झालेला ‘इक्वल अर्थ’ जास्त चांगला. आफ्रिकी संघानेही २०२५ मध्ये त्याच्या बाजूच्या मोहिमेला पाठिंबा दिला आणि तो रास्तच होता. फक्त त्यात रेखावृत्तं वाकलेली असतात, तेव्हा न्यूयॉर्कवर पट्टी उभी करायची असेल तर नकाशा मर्केटरचाच घ्या.