दर साठ दिवसांनी सीमोल्लंघन

दसऱ्याला सीमोल्लंघन करून माणसं सोनं लुटून आणतात. थायलंडमध्ये पर्यटक म्हणून मुक्काम ठोकलेल्या परदेशी माणसाचा दसरा दर साठ दिवसांनी येतो आणि सोनं म्हणून पदरात पडतो तो पासपोर्टवरचा एक शिक्का. या सणाला व्हिसा रन म्हणतात. त्यातला 'रन' शुद्ध थाप आहे. धावायचं कुठेच नसतं, उभं राहायचं असतं. पाच-सहा रांगांत, आणि त्यातली निदान एक चुकीची.

मूळ हिशेब सोपा. १५ जुलै २०२४ पासून भारतासह ९३ देशांच्या पासपोर्टांना व्हिसा न काढता साठ दिवस राहण्याची सवलत मिळू लागली. साठ भरत आले की शेजारच्या देशात पाऊल टेकवायचं, शिक्का घ्यायचा, तिथल्या तिथे वळायचं, की नवे साठ. ही मुदत कमी करायची टूम अधूनमधून निघते, तेव्हा निघण्याच्या आठवड्यात नियम बघून घ्यावा. मागच्या वर्षी कुणी काय केलं, हे ऐकायला छान असतं, पण खिडकीपलीकडच्या माणसाला त्याचं काही नसतं.

पहिला घोळ मोजणीत होतो. साठ दिवस म्हणजे दोन महिने नव्हेत, आणि उतरलेला दिवस हा पहिला दिवस. १ मार्चला आलेला माणूस बोटं मोजून ३० एप्रिल काढतो. शिक्क्यावर असतो २९ एप्रिल. त्या एका दिवसाचे ५०० बाट (बाट म्हणजे थाई रुपया). ओव्हरस्टेचा, म्हणजे मुदत उलटून राहिल्याचा, दंड रोजचा ५०० आणि जास्तीत जास्त २०,००० बाट, म्हणजे चाळीस दिवसांत मीटर थांबतो. एक्केचाळिसाव्या दिवसापासून राहणं फुकट, असा शोध दर थोड्या दिवसांनी कुणीतरी नव्याने लावतो. नव्वद दिवसांच्या वर गेलात आणि स्वतःहून विमानतळावर हजर झालात तरी एक वर्ष प्रवेशबंदी. पकडले गेलात तर वर्षाच्या आतल्या ओव्हरस्टेलाही पाच वर्षं. फुकट कसलं, चांगलंच महाग.

खरं तर पहिल्या साठ दिवसांनंतर बॉर्डरकडे पळायची गरजच नसते. जवळच्या इमिग्रेशन ऑफिसात टीएम ७ हा फॉर्म, चार बाय सहा सेंटिमीटरचा फोटो, पासपोर्टच्या सह्या केलेल्या झेरॉक्स आणि १,९०० बाट दिले की तीस दिवसांची मुदतवाढ मिळते. माझ्या मते हाच सरळ मार्ग. पण इथे घोडं अडतं ते टीएम ३० वर. परदेशी पाहुणा राहायला आला की चोवीस तासांत घरमालकाने त्याची खबर इमिग्रेशनला द्यायची, त्याची ही नोंद. तिची पावती मागितली जाते, आणि मालकाला टीएम ३० म्हटलं की तो असा बघतो जणू आपण त्याच्या पत्रिकेतला मंगळ विचारला. हॉटेलवाले हे काम गुपचूप उरकतात. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याने चावी घेतानाच पावती मागून ठेवावी.

नव्वद दिवसही संपले, की मग बॉर्डर.

कंबोडियाची जमिनीवरची वाट एकेकाळी सगळ्यांची लाडकी होती. २०२५ च्या मध्यात दोन्ही देशांत गोळीबार झाला आणि ती नाकी बंद झाली. राहिले मुख्यतः लाओस आणि मलेशिया.

लाओससाठी नोंगखाय हे सीमेवरचं थाई गाव. बँकॉकहून रात्रीच्या गाडीत पडायचं, सकाळी मेकाँग नदीकाठी उतरायचं. समोर १९९४ साली खुला झालेला मैत्री पूल. मैत्री दोन देशांची, आपली नव्हे. थाई बाजूला बाहेर पडल्याचा शिक्का घ्यायचा आणि बसमध्ये बसायचं, कारण पुलावरून चालत जाऊ देत नाहीत. थायलंडमध्ये गाड्या डावीकडून धावतात, लाओसमध्ये उजवीकडून. पलीकडच्या टोकाला रस्ताच कूस बदलतो आणि बस अलगद दुसऱ्या बाजूला जाते. या दहा मिनिटांत आपण थायलंडमधून गेलेलो असतो आणि लाओसमध्ये आलेलो नसतो. त्रिशंकूला निदान स्वतःचा स्वर्ग तरी मिळाला होता.

उतरल्यावर व्हिसा ऑन अरायव्हलची खिडकी. फॉर्म, एक फोटो आणि डॉलर. बाटही घेतात, पण त्यांच्या भावाने, आणि तो भाव आपल्या बाजूचा नसतो. डॉलरची नोट कोरी हवी. घडीवर विरलेली, पेनाची रेघ असलेली, कोपरा दुमडलेली नोट खिडकीतला माणूस दोन बोटांनी आपल्याकडे परत सरकवतो, काही न बोलता. फोटो विसरला तर तिथे तो काढून देण्याची सोय होते, सुटे विसरले तर मात्र सोय होत नाही. मग एका खिडकीत पासपोर्ट द्यायचा, दुसऱ्या खिडकीतून घ्यायचा. मधल्या वेळात पासपोर्ट कुठे असतो हे विचारू नये.

हा व्हिसा चिकटवतात तो अख्खं पान व्यापून. त्यात थाई बाहेर, लाओ आत, लाओ बाहेर, थाई आत, असे चार शिक्के. एका फेरीत दोन पानांची वाट लागते. छत्तीस पानी पासपोर्ट असा किती पुरणार? शिवाय तो सहा महिन्यांपेक्षा जास्त वैध हवा, नाहीतर त्रिशंकू योग पक्का.

मलेशियाला सीमेवरचं पदांग बेसार सोयीचं; एकाच स्टेशनात दोन्ही देशांच्या खिडक्या आहेत. भारतीयांना तिथे १ डिसेंबर २०२३ पासून तीस दिवस व्हिसा लागत नाही, फक्त त्यांचं डिजिटल अरायव्हल कार्ड आधी भरायचं. खोच वेगळीच आहे: मलेशियाचं घड्याळ थायलंडच्या एक तास पुढे. परतीची गाडी कुठल्या घड्याळाने सुटते, हे तिकिटावर नीट वाचलं नाही तर माणूस एकतर तासभर आधी येऊन बसतो किंवा तासभर उशिरा येऊन उभा राहतो.

आता परतीचा अंक. १ मे २०२५ पासून थायलंडमध्ये शिरताना टीडीएसी हे डिजिटल कार्ड लागतं. सकाळी बाहेर पडून दुपारी परत येणाऱ्यालाही लागतं, आणि हे बऱ्याच जणांना पुलावर कळतं, थाई सिमची रेंज गेल्यावर. पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत ते भरता येतं, म्हणून निघतानाच भरून ठेवावं; कुठल्या देशातून चढलात, तिथे लाओस लिहावं. सरकारी साइटवर ते फुकट आहे. पैसे मागणारी साइट सरकारी नव्हे.

मग खिडकी, आणि आपला पासपोर्ट ज्योतिष्यासारखा उलगडून बघणारा अधिकारी.

"थायलंडमध्ये काय करता?"

"फिरतो."

"सहा महिने?"

या प्रश्नाला पाठ केलेलं उत्तर चालत नाही. व्हिसामाफीवर जमिनीवरून एका कॅलेंडर वर्षात दोनदाच आत येता येतं, हा नियम २०१६ च्या अखेरीचा. विमानाला असा ठरलेला आकडा नाही, म्हणून लोक विमानाने येतात आणि हुशार ठरतात, काही काळ. नोव्हेंबर २०२५ मध्ये इमिग्रेशनने स्पष्टच सांगितलं की सबळ कारणाशिवाय दोनपेक्षा जास्त वेळा अशी ये-जा करणाऱ्याला आत घेणार नाही. मुळात त्यांचा प्रश्न दिवसांचा नाहीच. हा पर्यटक आहे की इथे राहून कमावतोय, एवढंच त्यांना बघायचं असतं. म्हणून पुढचं परतीचं तिकीट, मुक्कामाचा पत्ता आणि माणशी वीस हजार बाट रोख जवळ असावेत. एटीएम कार्ड दाखवून भागत नाही. त्या कार्डामागे किती आहे, हे अधिकाऱ्याला दिसत नाही. विमानाने येणार असाल तर पुढचं तिकीट चेक-इनलाच मागतात. प्रवाशाला परत पाठवलं तर न्यायची जबाबदारी एअरलाइनवर पडते, म्हणून काउंटरवरची बाई इमिग्रेशनपेक्षा कडक असते.

नाकारलं तर? पूल परत ओलांडायचा. लाओसचा ऑन अरायव्हल व्हिसा एकाच प्रवेशाचा असतो आणि तो अर्ध्या तासापूर्वी संपलेला असतो. म्हणजे पुन्हा फॉर्म, पुन्हा फोटो, पुन्हा कोरे डॉलर. आपल्याला बघून खिडकीतल्या माणसाला मुळीच नवल वाटत नाही, हे जास्त लागतं.

एक खड्डा वेगळ्या जातीचा. ज्याच्याकडे खरोखरीचा व्हिसा आणि त्यावर वर्षाची मुदतवाढ आहे, असा गृहस्थ मित्राला सोबत म्हणून बॉर्डरवर जातो. निघण्याआधी री-एंट्री परमिट काढलं नसेल (एका फेरीला १,००० बाट, अनेक फेऱ्यांना ३,८००), तर बाहेरचा शिक्का पडताक्षणी त्याची मुदतवाढ संपते. परतताना मित्राइतकाच तोही पर्यटक.

हे सगळं जड जात असेल तर २०२४ पासून डीटीव्ही नावाचा व्हिसा आहे. पाच वर्षं वैध, प्रत्येक प्रवेशाला १८० दिवस, बँकेत पाच लाख बाट दाखवायचे. पाच लाख ऐकल्यावर पुलावरची बस पुन्हा बरी वाटू लागते.

शिक्का मिळाला, की खिडकी सोडण्याआधी तारीख वाचावी. साठाऐवजी तीसची तारीख पडली असेल तर तिथे दोन मिनिटांत दुरुस्त होते. बाहेर पडल्यावर तुमचं तोंड एकीकडे आणि शिक्का दुसरीकडे, आणि लोक शिक्क्याचंच ऐकतात. तारीख लगेच कॅलेंडरवर घालून वार बघावा. १३ फेब्रुवारीला आत आलात तर, लीप वर्ष नसेल तेव्हा, साठावा दिवस बरोबर १३ एप्रिल. थाई नववर्षाचा, म्हणजे सोंगक्रानचा पहिला दिवस. तीन दिवस इमिग्रेशन ऑफिसला कुलूप, गाड्या भरलेल्या, रस्त्यावर जो तो दुसऱ्याला पाण्याने भिजवतोय आणि तुमचा पासपोर्ट शर्टाच्या वरच्या खिशात. सोंगक्रान हा शब्द आपल्या संक्रांतीचाच भाऊ आहे. ती कुणावर आली, हे सांगायला पंचांग लागत नाही.