‘बुद्ध सर्किट भिकार होतं म्हणून एफ-वन गेली’ म्हणे!

ग्रेटर नोएडाचा ट्रॅक सपाट, रटाळ आणि धोकादायक, म्हणूनच फॉर्म्युला वन 2013 नंतर भारतात आली नाही, असा मजकूर अधूनमधून फिरत असतो.

सपाट? सपाट होती ती जमीन. ट्रॅकचा आराखडा करणाऱ्या हर्मन टिल्केने भराव घालून चढउतार तयार केले. तिसरं वळण चढावर, त्यानंतर किलोमीटरभराहून लांब सरळ पट्टा आणि चौथ्याला कचकचून ब्रेक. पण खरी परीक्षा दहाव्या-अकराव्या वळणाला. गाडी उजवीकडे वळतच राहते, सगळा भार डाव्या पुढच्या टायरवर येतो. तो जास्त तापला की गाडीचं नाक बाहेर सरकतं आणि ॲक्सिलरेटर सोडावाच लागतो. तरीही 2011 मध्ये रेड बुल संघाच्या सेबास्टियन फेटेलने 5.125 किलोमीटरची फेरी 1 मिनिट 24.178 सेकंदांत मारली, म्हणजे सरासरी ताशी 219 किलोमीटर.

रटाळ? 2011 ते 2013 या इथल्या तिन्ही शर्यती फेटेलनेच जिंकल्या, कबूल. पण 2013 मध्ये तो सलग नऊ शर्यती जिंकला. मग त्यातल्या जपानच्या सुझुका आणि ब्राझीलच्या इंटरलागोस ट्रॅकलाही रटाळ म्हणा. अडचण होती ती धुळीची. गाड्या फिरतात त्या रेषेवर रबर बसतं, बाजूला धूळ तशीच राहते. पुढे जाणाऱ्याला नेमका त्या धुळीत ब्रेक मारावा लागतो आणि पकडच मिळत नाही. हा दोष आराखड्याचा नाही, ट्रॅक कमी वापरल्याचा.

धोकादायक? पुरावा म्हणून 2011 चा फेरारीच्या फिलिपे मासाचा व्हिडिओ येतो. पात्रता फेरीत कर्बमागच्या (वळणाच्या कडेच्या पट्टीमागच्या) नारिंगी उंचवट्यावर चाक चढलं आणि सस्पेन्शन तुटलं. दुसऱ्या दिवशी शर्यतीतही तेच. तो उंचवटा बसवतात तो वळण कापणाऱ्याला अद्दल घडावी म्हणूनच! 2023 मध्ये मोटोजीपी ही मोटारसायकलींची शर्यतही याच ट्रॅकवर झाली. तिच्या फेऱ्या 24 वरून 21 केल्या त्या उन्हामुळे.

घोडं अडलं ते कराच्या हिशेबात. शर्यत खेळ की करमणूक, म्हणजे करमणूक कर लागणार की नाही, हा वाद पहिल्या शर्यतीआधीच सर्वोच्च न्यायालयात पोचला होता; तिकीटविक्रीचे 25 टक्के वेगळ्या खात्यात ठेवायचा आदेश झाला. बाहेरून आणलेल्या सामानावरच्या सीमाशुल्काची कटकट वेगळीच. आणि प्राप्तिकराचं प्रकरण 2017 पर्यंत चाललं. शर्यतीचा मुक्काम मोजक्या दिवसांचा असला तरी सर्किट हे एफ-वन कंपनीचं भारतातलं कायम व्यवसायस्थान ठरतं, तेव्हा इथल्या कमाईवर कर भरा, असा निकाल लागला.