गियरबॉक्समध्ये ब्रेक ऑइल टाका म्हणणाऱ्या त्या मेसेजवाल्याला

आमचे दाजी अमळनेरचे. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून क्लच दाबवत नाही म्हणून गेल्या वर्षी त्यांनी २०११ ची एक छोटी सेकंडहँड ऑटोमॅटिक घेतली, चार गियरवाली. चांगली चालत होती. मग उधन्याला भावाकडे जाऊन परत येताना कोंडाईबारी घाटात चढावर गाडीने अंगच टाकलं, इंजिन चालू, पण गाडी जोरच धरेना, एकाच गियरला अडकल्यासारखी. कशीबशी साक्रीपर्यंत आणली, बंद करून चहा पिऊन पुन्हा चालू केली तर ठीक. घरी आल्यावर मला फोन करायचा की नाही? नाही. नातेवाईकांच्या ग्रुपवर आलेला मेसेज वाचला आणि दुकानातून ब्रेक ऑइलची बाटली आणून त्यातलं २०० मिली गियरबॉक्समध्ये ओतलं.

तो मेसेज तुम्हालाही आलाच असेल, मला तीन ठिकाणाहून आला. "ऑटोमॅटिक गाडीवाल्यांनो, हे ७ उपाय कोणताच मेकॅनिक सांगणार नाही", खाली सही "एक अनुभवी मिस्त्री". थोडक्यात असं: गियर घसरला तर ब्रेक ऑइल टाका, उतारावर न्यूट्रल करा पेट्रोल वाचतं, बॅटरी उतरली तर धक्का मारा, बंद पडली तर न्यूट्रल करून कितीही लांब टोचन करा, गियर ऑइल लाइफटाइम असतं जुन्या गाडीत तर हात लावू नका, बॅटरीची वायर १० मिनिटं काढली की गियरबॉक्स नवा होतो, आणि लिव्हर पी (पार्किंग) मधून निघत नसेल तर गियरबॉक्स जाम, गाडी विकून मोकळे व्हा.

अरे भो, कोणत्या ऑटोमॅटिकबद्दल बोलतोय तू ते तरी सांग! २०१४ ला मारुतीने सेलेरिओमध्ये जी एएमटी आणली ती मुळात साधी मॅन्युअल गियरबॉक्सच आहे, क्लचप्लेटसकट, फक्त क्लच दाबायचं आणि गियर टाकायचं काम मशीन करतं. दुसरी जात सीव्हीटी, तिच्यात गियरांऐवजी बेल्ट आणि पुली असतात, तिचं ऑइल वेगळं. आणि दाजींची जुन्या पद्धतीची टॉर्क कन्व्हर्टरवाली, म्हणजे इंजिनचा जोर ऑइलमधून पुढे पोचवणारी, तिचं अजून वेगळं. तिघींना एकच औषध म्हणजे म्हशीचं इंजेक्शन कोंबडीला देण्यासारखं झालं.

आता ब्रेक ऑइल. ह्यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण बाकीच्या मुद्द्यांनी पैसा जाईल, ह्याने गियरबॉक्सच जातो. ही युक्ती मेसेजवाल्याने शोधलेली नाही, जुनी आहे, जुनी गाडी गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारायच्या आधी करायची. असं होतं की ऑटोमॅटिकमधले क्लच ऑइलच्या दाबावर धरतात, आणि तो दाब टिकवायला आत रबराची सीलं असतात, ती वयाने कडक झाली की दाब गळतो आणि गियर घसरतो. डॉट ३ किंवा डॉट ४ ब्रेक ऑइल हे ग्लायकॉल जातीचं, ते त्या रबरात शिरतं आणि रबर फुगतं. फुगलं की फट बुजते, गियर धरतो, आणि माणूस ग्रुपवर लिहितो "एक नंबर उपाय". दाजींनीही मला व्हिडिओ पाठवला होता, "गाडी कशी पयस देख, पैसा वाचनात ना भो!"

पण फुगलेलं रबर थांबत नाही ना, ते मऊ पडत जातं, लोण्यासारखं. ब्रेकमधली रबरं वेगळ्या जातीची असतात, ती ब्रेक ऑइल सहन करायलाच बनवलेली, गियरबॉक्समधली खनिज तेलासाठी बनवलेली. हेच ब्रेक ऑइल गाडीच्या रंगावर सांडलं तर रंग सोलून निघतो हे कोणताही पेंटर सांगेल, आणि आपण ते आत ओततोय. दाजींची गाडी तीन आठवडे पळाली. मग रिव्हर्स लागायला वेळ लागायला लागला, मग खाली ओट्यावर गियर ऑइलचे लाल डाग, मग एक दिवस रिव्हर्स लागलाच नाही.

आणि सगळ्यात राग कशाचा येतो, तर मुळात गियर घसरतच नव्हता! एकाच गियरला अडकून राहणं आणि घसरणं ह्यात फरक आहे. कॉम्प्युटरला सेन्सरचा किंवा सोलेनॉइडचा (विजेवर उघडझाप करणाऱ्या वाल्वचा) सिग्नल नीट मिळाला नाही की तो गियरबॉक्स वाचवायला गाडी एका गियरवर धरून ठेवतो, चार गियरवाल्या बऱ्याच गाड्यांत तिसऱ्यावर, म्हणजे तुम्ही हळूहळू का होईना घरी पोचाल. बंद करून चालू केली आणि तात्पुरती बरी झाली तर बहुतेक वेळा वायरिंगकडे बघायचं असतं. जळगावच्या गॅरेजवाल्याने स्कॅनर लावला तर पी ०७०० कोड, ह्याचा अर्थ फक्त "गियरबॉक्सच्या कॉम्प्युटरची तक्रार आहे, पुढचे कोड वाचा" एवढाच. पुढचा कोड स्पीड सेन्सरचा होता. सेन्सरचा कनेक्टर उघडला तर आत पिना गंजून हिरव्या पडलेल्या. साफ करायचं काम.

उतारावर न्यूट्रल. हे तर जीवावरचं आहे. कार्बोरेटरच्या जमान्यात थोडं तेल वाचायचं, मान्य, पण आताच्या इंजेक्शनवाल्या बहुतेक गाड्यांत गियरमध्ये असताना पाय काढला की इंजेक्टर पेट्रोल बंदच करतात, उलट न्यूट्रलला इंजिन जिवंत ठेवायला पेट्रोल जळतं. म्हणजे वाचत नाहीच, वर घाटात पुढे मालट्रक, मागे एसटी, आणि तुम्ही गाडी फक्त ब्रेकवर पेलताय, इंजिनची पकड शून्य. ब्रेक तापले की पॅडल दाबून काही होत नाही. लिव्हरवर २ आणि एल (खालचे गियर) लिहिलेलं असतं ते शोभेला नाही, घाट उतरायलाच आहे.

धक्का आणि टोचन दोन्ही एकाच कारणाने चूक. दाजींच्या जातीच्या गियरबॉक्समधला ऑइलचा पंप इंजिनवर फिरतो. इंजिन बंद म्हणजे पंप बंद, पंप बंद म्हणजे दाब नाही, दाब नाही म्हणजे क्लच धरत नाहीत, मग पारोळ्यापर्यंत धक्का मारा, चाकं इंजिनला फिरवणारच नाहीत. टोचनमध्ये उलटं, चाकं आतले भाग फिरवतात आणि त्यांना ऑइल मिळत नाही, कोरडे घासतात. पुढची चाकं ओढणारी गाडी असेल तर पुढची चाकं उचलून न्या, नाहीतर सरळ टोइंगच्या ट्रकवर गाडी चढवा.

बॅटरीच्या वायरीत अर्धं खरं आहे. काही गाड्यांत कॉम्प्युटरने शिकलेल्या गोष्टी पुसल्या जातात आणि थोडे दिवस गियर मऊ पडतात. पण कोड पुसला म्हणून हिरवी पिन पांढरी होत नाही. हां, बॅटरी कमजोर असेल तर गियर विचित्र वागतात हे मात्र खरं, म्हणून मी तरी आधी व्होल्टेज बघतो.

ऑइलबद्दल जरा थांबून बोलतो कारण इथे मेसेजवाला पूर्ण चूक नाही, आणि हे लिहायला मला जीवावर येतंय. कधीच न बदललेलं ऑइल काळं झालंय, जळका वास येतोय, क्लच झिजलेत, अशा गाडीत मशीन लावून दाबाने सगळं धुवून काढलं तर आतला गाळ सुटून भलतीकडे अडकतो आणि आधी कसाबसा चालणारा गियरबॉक्स बसतो. असे किस्से खरे आहेत. पण त्यावरून "कधीच बदलू नका" कसं निघालं? खालचा बोल्ट उघडून निघेल तेवढंच काढा, साधारण अर्धं आतच राहतं, तेवढंच नवं भरा, आणि थोडे दिवसांनी पुन्हा. आणि आपल्याकडचं ऊन बघा, भुसावळला मे महिन्यात ४५ च्या वर जातं, त्यात ऑइल लवकर जळतं. वर आपण रेडिएटरमध्ये बोअरचं क्षाराचं पाणी भरतो, बऱ्याच जुन्या गाड्यांत गियर ऑइल थंड करायची नळी रेडिएटरच्या आतच असते, ती कुजली की पाणी आणि ऑइल एक. गेज (ऑइल मोजायची पट्टी) काढल्यावर ऑइल गुलाबी दुधासारखं दिसलं तर गाडी तिथेच बंद करा.

पी मधून लिव्हर निघत नाही? आधी मागे कोणाला तरी उभं करून ब्रेक लाइट लागते का बघा. ब्रेकचा स्विच गेला की लिव्हर सुटतच नाही. स्विच स्वस्त असतो. त्यापायी गाडी विकणार?

मी हे सगळं डोक्यातून सांगत नाहीये, दाजींच्या डॅशबोर्डच्या खणात आरतीसंग्रहाखाली गाडीचं पुस्तक होतं, प्लास्टिकसुद्धा फाडलेलं नव्हतं. त्यात ऑइलची जात लिहिलीय, एसपी थ्री, दुसरं काही नको. त्यात लिहिलंय की गेज इंजिन गरम करून, चालू ठेवून बघायचा. पण होंडाच्या जुन्या पाच गियरवाल्या ऑटोमॅटिकचं पुस्तक म्हणतं इंजिन बंद केल्यावर ६० सेकंदांनंतर, पण ९० सेकंदांच्या आत बघा. उलटंच! म्हणून म्हणतो, शेजाऱ्याच्या गाडीचा नियमसुद्धा आपल्याला चालत नाही, आणि इथे एक मेसेज सगळ्या देशाला.

गियरबॉक्स सध्या जळगावला टेबलावर उघडून पडलाय, सगळी सीलं नवी, आणि क्लचप्लेटांचं काय ते मिस्त्री सोमवारी सांगणार आहे. काल दाजींचा फोन आला, म्हटलं आता तरी मेसेज डिलीट केला असेल. तर विचारतात, "भाऊ, त्या बाटलीत अजून अर्धं ऑइल आहे, ब्रेकमध्ये टाकलं तर चालेल ना?" दाजी, बाटली उघडून महिना झाला, ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढतं, ते आता ब्रेकमध्येही चालत नाही.