फुशिमी इनारी आणि नारा एका दिवसात आरामात होतं

जपानच्या सहलीवरच्या या लेखात क्योतोहून फुशिमी इनारीचं देऊळ आणि नारा शहर यांना वेगवेगळे दिवस दिलेत, ते अजिबात पटलं नाही. दोन्ही जेआरच्या (जपान रेल्वेच्या) नारा लाइनवरच आहेत. इनारी स्टेशनबाहेर पाऊल टाकलं की समोरच भलीमोठी शेंदरी कमान. देऊळ चोवीस तास उघडं, त्यामुळे उजाडताच जावं, गर्दी नसते. मात्र मियाकोजी रॅपिड ही जलद गाडी तिथे थांबत नाही, लोकलच पकडायची.

आणि वाटेतल्या उजी शहराचं लेखात नावही नाही, याचं खरंच वाईट वाटलं. तिथल्या ब्योदोइन या बौद्ध मंदिराचा १०५३ सालचा फिनिक्स हॉल म्हणजे १० येनच्या नाण्यावरचा तोच. आमच्या लेकीने तळ्याकाठी नाणं डोळ्यासमोर धरून छपराचे कोपरे जुळवून पाहिले. उजीला दोन तास काढाच. पुढे नाराला जायला तिथूनच रॅपिड मिळते.